मोरीचे तेल आणि देवळातला ऑर्गन

आई ऑर्गनवर बसली की गावाला तिची पाठ दिसायची. रंगमंचाच्या खाली, बसणाऱ्याचे तोंड पडद्याकडे होईल असा ऑर्गन ठेवलेला असे. त्यामुळे वाजवणाराचा चेहरा फक्त नटांना दिसे आणि प्रेक्षकांना दिसे तो अंबाडा, त्यातली अबोलीची वेणी आणि भाता मारताना एका लयीत किंचित हलणारे खांदे. जत्रेत एक रात्र दशावताराची असे आणि दुसरी गावच्या संगीत नाटकाची. त्या नाटकात स्त्रियांच्या भूमिका पुरुष करत, रंगरंगोटी पुरुष करत, पडद्यामागचा चहासुद्धा पुरुषच करत. त्या सगळ्या कारभारात बाई एकच, आई. तिच्या कलेबद्दल गावाला फार आदर होता म्हणून ती तिथे होती, असे म्हणता येणार नाही. दोन पायांनी भाता मारायचा, दोन हातांनी पट्ट्या सांभाळायच्या आणि गुडघ्याने दांडी रेटून आवाज लहानमोठा करायचा, हे एकाच वेळी करणारे गावात दुसरे कोणी नव्हते. भजनातले पेटीवाले चांगले होते, पण ऑर्गनवर बसले की दोन ओळींनंतर पाय विसरत आणि सूर मध्येच खाली बसे. गाणाऱ्याचा मात्र वर राहिलेला असे.

ऑर्गन देवळाचा होता, पण आला होता आमच्या आजोबांमुळे. आईचे वडील घरच्या होड्या सोडून तरुणपणी मुंबईला गेले आणि एका नाटक कंपनीत वाजवू लागले. कंपनी मोडली तेव्हा ऑर्गन त्यांच्याकडे आला आणि समुद्रमार्गे मालवण बंदरात उतरला. पुढे त्यांनी तो ग्रामदैवत रवळनाथाला वाहिला. माथ्यावर सोनेरी मुलामा दिलेल्या नळ्यांची रांग होती, चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनला असते तशी. आजोबांनी ही विद्या मुलाला द्यायची खटपट केली, ती फुकट गेली. मग मुलीला दिली. मुलगा, म्हणजे आमचा बाबलमामा, घरच्या होड्यांवर गेला. त्याला सुराचे अंग नव्हते आणि ते तो लपवतही नसे. "माका दोनच आवाज कळतत," तो म्हणे. "एक इंजिनाचो, दुसरो बायलेचो. दोघांपैकी एक बंद पडलो, की समजूचा कायतरी बिघाडला."

तरीही जत्रेच्या आधी देवळाच्या कोठीतून ऑर्गन बाहेर काढायचा मान त्याचा. होडीवरचे चार गडी घेऊन तो येई, होडी ओढताना देतात तसा आवाज देत ऑर्गन मांडवात आणी आणि नाटकाच्या रात्री पुढच्या बाकड्यावर बसे. नाटकात काय चालले आहे याकडे त्याचे लक्ष नसे. तो आईच्या पाठीकडे बघत बसे.

त्या दिवसांत आमच्या घराला दोन वास असत. एक खोबरेल तेलाचा. भाता मारून आईच्या पोटऱ्या चढत आणि संध्याकाळी ती तेल चोळत बसे. दुसरा तिरफळाचा; मामा रोज सकाळी होडीवरून बांगडे किंवा तारली घेऊन येई आणि आई तालमीला जायच्या आधी सार करून ठेवी. वडील मुंबईला गोदीत नोकरीला होते, गणपतीला आणि मे महिन्यात येत. घर चालवणारी माणसे खरे तर दोन, आई आणि तिचा भाऊ. मामा पडवीत बसून कोरा चहा पिई आणि आतल्या आईला ओरडून विचारी, "बाय, औंदा खयचा नाटक?" ती नाव सांगे. "तेत रडूचा आसा?" "आसा." "मगे बरा," तो म्हणे आणि उठे. दर वर्षी हाच संवाद होई.

ज्या वर्षाबद्दल लिहिते आहे त्याच्या आदल्या जत्रेत ऑर्गनने दगा दिला. दुसऱ्या अंकात नायिकेचे पद होते. ते म्हणणारा गावचा पोस्टमन, साडी नेसून, वरच्या षड्जावर पोहोचला आणि खाली ऑर्गनचा दम सुटला. आई पाय दुप्पट वेगाने मारत होती. तिचे खांदे आता लयीत नव्हते, आणि ऑर्गनमधून नुसता फुसफुस आवाज ऐकू येत होता. पोस्टमनने पद कसेबसे संपवले. कोणीतरी मागून म्हणाले, "बाये, पंप मार गो, हवा गेली!" मांडव हसला.

जत्रा झाल्यावर देवस्थान कमिटीचे अध्यक्ष घरी आले. ते शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, माणूस सरळ. ते म्हणाले, आता इलेक्ट्रिक पेट्या मिळतात, बोट ठेवले की पन्नास वाद्ये वाजतात, कुडाळचा एक मुलगा ती वाजवायला येईल. मग आईकडे न बघता म्हणाले, "तुझे पण पाय दुखतत. किती वर्सां करतलंस?" आई म्हणाली, आधी ऑर्गन दाखवून घेऊ. मास्तर कबूल झाले, पण नारळी पौर्णिमेच्या सभेत काय तो निर्णय होईल, असे सांगून गेले. भाता मारणाऱ्या पायांची गरज संपली तर आपलीही संपली, हे आईला त्या क्षणी कळले असावे. मामाने पडवीतून सगळे ऐकले होते.

वैशाखात मिरजेहून दस्तगीर मिस्त्री आले. वाद्ये दुरुस्त करणारे त्यांचे तिसऱ्या पिढीचे दुकान होते आणि ते त्यांनी एसटीतून उतरल्याबरोबर सांगितले. जेवायला बसले की प्रत्येक पदार्थात खोबरे आहे म्हणून तक्रार करत आणि दुसऱ्यांदा वाढून घेत. कोठीत त्यांनी ऑर्गनची पाठ उघडली, आत बॅटरी मारली, एकेक पट्टी दाबून कान लावला. सोनेरी नळ्या टिचकीने वाजवल्या. "ह्या नळ्या शोभेच्या," ते म्हणाले. "ह्यातनं वारं जात न्हाई. आवाज आत पितळी सुरांचा, ह्या थरथरणाऱ्या जिभांचा. आन् सूर तुमचे सोन्यासारखे हाएत ताई, एकबी गेल्याला न्हाई. फकस्त भाता गेलाय. चामडं वाळलंय, घड्या फाटल्यात, चार सांधे सुटलेत." त्यांच्या मते ऑर्गन मिरजेला न्यायला हवा होता.

देवाला वाहिलेली वस्तू गावाच्या शिवेबाहेर न्यायची तर देवाला विचारायला हवे. सोमवारी कौल लावला. गुरवाने मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणे घातले: "बा देवा रवळनाथा, ही तुझी पेटी आजारी पडली हा, म्हाराजा." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" "तुझी लेकरां तिका घाटार न्हेवक बघतत, म्हाराजा." "व्हय म्हाराजा!" "तुझो हुकूम आसात तर उजवी दी, नसात तर डावी दी, आणि लेकरांका चुकू नको, म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" बराच वेळ काही हलले नाही. मिस्त्री कुतूहलाने बघत होते. मग डावीकडची पाकळी सुटली आणि खाली पडली. ऑर्गन गावातच राहणार होता.

मिस्त्रींनी वाईट वाटून घेतले नाही. दसऱ्यानंतर चामडे आणि सरस घेऊन मीच येतो, इथेच करतो, म्हणाले. जत्रेआधी वाजायला लागेल याची हमी दिली. निघताना आईला एकच गोष्ट दोनदा सांगितली, "पावसात ह्याला हात लावायचा न्हाई. ओल्या हवेत सरस धरत न्हाई. हाय तसा झाकून ठेवा."

मग पाऊस लागला. मामाची होडी किनाऱ्यावरच्या मांगरात, म्हणजे झावळ्यांनी शाकारलेल्या शेडमध्ये, ओढून ठेवलेली होती. पावसाळ्यात त्याला एकच काम असे. फळ्यांच्या सांध्यांत राळ लावलेला कापूस ठोकायचा आणि सगळ्या लाकडाला मोरीचे तेल पाजायचे. मोरी म्हणजे आमच्याकडे मिळणारी शार्कची लहान जात; तिचे काळीज मडक्यात कढवून हे तेल काढतात. वास असा की मांगराच्या वाऱ्याला कुत्रेही बसत नाही. एका सकाळी तो चहा पीत असताना म्हणाला, "बाय, त्या ऑर्गनात काय बिघाडला ता सांग बघू माका परत."

"सांधे सुटले, भातो फाटलो."

"वारो खयसून जाता?"

"सांध्यातसून."

"माझ्या होडयेत पाणी खयसून येता?"

आई हसली. "होडी येगळी, दादा. मिस्त्री हात लावू नको म्हणान सांगून गेलो हा."

"मिस्त्री मिरजेचो. तेना कधी दर्या बघलो हा? जो सांधो पाण्याक वाट देणा नाय, तो वाऱ्याक काय देतलो? आणि दसऱ्याची वाट बघूक मास्तर थांबतलो? पुनवेक सभा आसा. तेच्या आधी ऑर्गन वाजूक व्हयो. मगे बोलांदे कोण बोलता तो."

गॅसवर दूध होते, ते बघायला आई आत गेली. तिने नको म्हटले नाही, एवढे मी पडवीत बसून ऐकले आहे.

गुरवाकडून कोठीची किल्ली घेऊन मामा सलग काही दिवस तिथे बसला. होडीवर करतो त्याच निगुतीने त्याने काम केले. भात्याच्या सांध्यांत बारीक कापूस भरला, वर राळ चढवली, घड्यांच्या चामड्याला आणि कापडाला तेल चोळून चोळून मऊ केले. हात लागला तसे आतले सगळे लाकूडही तेलाने पुसून काढले. अर्धे काम सोडायची त्याला सवय नव्हती. नळ्यासुद्धा चकचकीत केल्या.

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ घालून माणसे देवळात जमली. आई ऑर्गनवर बसली. तिने भाता मारला आणि मी तोपर्यंत कधी ऐकला नव्हता इतका भरलेला सूर मंडपात उभा राहिला. तिने पाय थांबवले तरी तो टिकून राहिला. वारा कुठूनही जात नव्हता. पोस्टमनने न सांगता पद सुरू केले. मास्तरांनी डोळे मिटून ऐकले आणि सभेत इलेक्ट्रिक पेटीचा विषय स्वतःच मागे घेतला. मामा खांबाला टेकून उभा होता. कोणीतरी म्हणाले, "बाबल, तुझ्या ऑर्गनाक मोरयेचो वास येता रे! हेचा भजन करूचा की सार?" मामा म्हणाला, "तू तोंड बंद ठेव, मगे वास येवचो नाय." त्या दिवसाइतके आनंदात मी त्याला पुढे कधी बघितले नाही. मी पुढे वार्ताहर झाले, त्या सवयीने अशी वाक्ये टाळते. हे वाक्य मात्र तपासून लिहिले आहे.

गणपती गेले आणि एक सूर मुका झाला, खालच्या सप्तकातला. पाठोपाठ दुसरा. भाता वारा ओढत होता आणि त्या वाऱ्याबरोबर तेलाचा सूक्ष्म अंश पितळी सुरांवर जाऊन बसत होता. आश्विनातल्या उन्हाने त्याचा चीक झाला. चिकावर धूळ, धुळीवर मुंग्या. नवरात्रात तालमी सुरू झाल्या तोवर मधले सप्तक तेवढे बोलत होते आणि आई पदे त्यातच बसवत होती. भात्याचे चामडे आधी लोण्यासारखे मऊ झाले, मग पापडासारखे कडक. मामा रोज विचारी, "कसो आसा?" "बरो आसा," आई सांगे.

दसऱ्यानंतर दस्तगीर मिस्त्री ठरल्याप्रमाणे आले. पिशवीत कमावलेले मऊ चामडे होते, त्याचा एक तुकडा त्यांनी कौतुकाने आईच्या हातात दिला. कोठीत आई, ते आणि मी. त्यांनी पाठ उघडली आणि मागे सरकले. बराच वेळ ते आत बोट घालून वास घेत राहिले. एक सूर उपसून काढला. पितळेवर मधासारखा थर होता आणि काढताना तो तारेसारखा ताणला गेला. "कुणी केलं ह्ये?" त्यांनी विचारले. आई म्हणाली, "माझ्या भावाने." सूर धुता येतील, पण ज्या लाकडावर ते बसतात ते पेटीभर तेल प्यालेले आहे, धुतले तरी वर्षभरात पुन्हा तेच होईल, असे मिस्त्रींचे मत पडले. भाता तर गेलाच होता. "हाय तसा ठेवला असता, तर चार दिवसांचं काम होतं ताई," ते म्हणाले. हे त्यांनी रागाने म्हटले असते तर बरे झाले असते.

बाहेर पायऱ्यांवर मास्तर, गुरव आणि मामा थांबले होते. आईने दार लोटले आणि मिस्त्रींना हात जोडले. "तेलाचं नाव काढू नका. वाळवी लागली म्हणून सांगा."

मिस्त्री बाहेर गेले आणि त्यांनी सांगितले, वाळवीने आतून खाल्लाय, इलाज नाही. मास्तर हळहळले. मामा कोठीत आला. त्याने उघड्या पेटीत हात घातला, कडेच्या फळीवरून अंगठा फिरवला, अंगठा नाकाशी नेला. मग आईकडे बघितले. आई चामड्याच्या तुकड्याची घडी घालत होती.

"वाळवी," मामा म्हणाला. "व्हय. असतलीच. जुना लाकूड."

त्या वर्षी इलेक्ट्रिक पेटी आली. मास्तर आधी आईकडेच आले, ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवायला हवी. "तूच वाजव. पट्टये तेच आसत," ते म्हणाले. आईने बोटे दुखतात असे सांगितले. कुडाळचा मुलगा आला आणि दर जत्रेला येत राहिला. तो वाईट वाजवत नव्हता. ऑर्गन कोठीत राहिला. शिवेबाहेर तो जाणारच नव्हता. नाटकाच्या रात्री आई घरी राही, लाउडस्पीकरवरून पदे ऐकू येत. पुढच्या बाकड्यावर मामा दिसेनासा झाला. तो मासे घेऊन मात्र रोज येई, पडवीत कोरा चहा पिई आणि भाव, पाऊस, पोरांच्या परीक्षा यांबद्दल बोले. औंदा खयचे नाटक, हे त्याने पुन्हा विचारले नाही. दोन्ही घरांत पाच मिनिटांचे अंतर होते आणि बोलणे एक दिवसही बंद पडले नाही. बाहेरच्या माणसाला यात काही बिघडलेले दिसले नसते.

मी शिकले, मुंबईला वर्तमानपत्रात लागले. गावात मोबाइल आले, तारकर्लीला पर्यटक येऊ लागले, किनाऱ्यावर फायबरच्या होड्या दिसू लागल्या. एका मे महिन्यात सुट्टीवर आले असताना मामाच्या मांगरात गेले. मोठी होडी विकून त्याने लहान लाकडी ठेवली होती आणि तिला तो तेल पाजत होता. फायबर का घेत नाहीस, मी विचारले.

"फायबराक काय नको. पण लाकूड ता लाकूड," तो म्हणाला. "एकदा मोरयेचा तेल पियाला ना, की तेका किडो नाय, वाळवी नाय..."

त्याचा हात थांबला. माझ्याकडे न बघता तो फडक्याची घडी करत राहिला.

"मामा, म्हणजे तेव्हाच?"

"तेव्हाच. आंगठो लावलंय तेव्हाच. तेलाच्या लाकडार वाळवी चढता खंय?" फडके बाजूला ठेवून म्हणाला, "माझ्यासाठी तिना चार माणसांत खोटा सांगल्यान. मगे माका व्हय म्हणूकच व्हया होता. पण तिचो राग गेलो नाय गो. दुसऱ्या पेटीर बसली नाय ती. बरोबर आसा तिचा. मी तरी खंयच्या तोंडान फुडच्या बाकड्यार बसू?" आणि मग, "तिका सांगा नको हां. तिका वाटांदे, माका कळला नाय."

मी सांगितले नाही. पुढच्या पावसाळ्यात मामा गेला, झोपेत, काही आजार न होता. बाराव्याच्या दिवशी आई स्वयंपाकघरात वडे तळत होती. शेजारच्या चुलीवर काळ्या वाटाण्याचे सांबारे रटरटत होते आणि बाहेर मांडवात पाहुण्यांची पाने मांडली जात होती. आता लपवण्यात अर्थ नाही असे वाटून मी तिला मांगरातले बोलणे सांगितले. ती झारा हातात धरून ऐकत राहिली.

"माका म्हायत होता," ती म्हणाली.

"काय?"

"तेका कळला ता. मिस्त्रीक वाळवी म्हणान सांगलंय आणि दुसऱ्या घटकेक आठावला. मी पण त्याच मांगरात वाढलंय ना? तोंडातून शब्द गेलो, मगे काय करतलंय? तेना आंगठो नाकाक लावलो तेव्हाच माका समाजला, तेना वळाखल्यान."

"मग तू त्याच्याशी बोललीस का नाहीस?"

"काय बोलतलंय? माका वाटला, चार माणसांत मी तेका येडो केलंय, म्हणान तो रागावलो. नाटकाक येवचो बंद झालो तो."

"तो म्हणत होता, तूच रागावलीस. दुसऱ्या पेटीवर बसली नाहीस म्हणून."

आईने वडा उलटला. "राग कसलो? तो फुडच्या बाकड्यार बसतलो, आणि मी तेच्या डोळ्यासमोर दुसरी पेटी वाजवतलंय. तेका काय वाटला असता? म्हणान नको म्हटलंय."

बाहेरून कोणीतरी पाने वाढा म्हणून ओरडले. मी विचारले, वाजवावेसे वाटत होते का.

"दर वर्साक," आई म्हणाली आणि वड्यांची परात उचलून बाहेर गेली.